सरकारी वकील कोणाचा?

सत्तांतर झाले म्हणजे कोणत्या गोष्टी बदलाव्या व कोणत्या बदलू नयेत, याविषयी आपल्या लोकांत अद्यापि स्पष्ट विचार झालेला दिसत नाही. मंत्री बदलतात, त्यांचे स्वीय सहायक बदलतात, महामंडळांचे अध्यक्ष बदलतात. यांत कोणास नवल वाटत नाही व वाटण्याचे कारणही नाही. परंतु खुनाच्या किंवा बाँबस्फोटाच्या खटल्यात सर्व समाजाच्या वतीने न्यायासनापुढे उभे राहण्याचे काम ज्याच्याकडे दिलेले असते, तोही मंत्रिमंडळाबरोबर बदलावा काय, आणि बदलला तर तो कोणत्या कारणाने, हा प्रश्न अगदी निराळ्या जातीचा आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात हा प्रश्न निदान तीन वेळां मोठ्या स्वरूपात पुढे आला, आणि तिन्ही वेळां पक्षाभिमानाच्या धुराळ्यात मूळ मुद्दा दिसेनासा झाला. त्या तिन्ही प्रकरणांचा आज एकत्र विचार करून वाचकांपुढे काही गोष्टी मांडाव्या, असे आम्हांस वाटते.

पहिले प्रकरण मालेगावच्या स्फोटाचे. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट होऊन सहा माणसे मृत्युमुखी पडली व सुमारे शंभर जखमी झाली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने हेमंत करकरे यांच्या देखरेखीखाली तपास केला, आणि विशेष सरकारी वकील म्हणून श्रीमती रोहिणी सालियन यांची नेमणूक झाली. २०११ मध्ये हा तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एनआयएकडे, गेला. तरी सालियनबाईंची नेमणूक कायम राहिली. २०१४ मध्ये दिल्लीत सत्तांतर झाले. त्यानंतर वर्षभराने, जून २०१५ मध्ये, बाईंनी ‘इंडियन एक्स्प्रेस’ या पत्रास मुलाखत देऊन जाहीर केले की, नवीन सरकार आल्यानंतर एनआयएचा एक अधिकारी आपल्याकडे आला व आरोपींविषयी सौम्य धोरण ठेवावे असा निरोप त्याने आपणांस पोचविला. आणि १२ जून रोजी त्याच अधिकाऱ्याने, या खटल्यात आपण यापुढे उभे राहू नये, दुसरा वकील उभा राहील, असे कळविले. एनआयएने हे सर्व साफ नाकारले. पुढे बाई त्या खटल्यातून गेल्या.

त्यानंतर जे व्हावयाचे तेच झाले. ज्या पक्षाच्या राजवटीत बाईंची नेमणूक झाली होती तो पक्ष म्हणू लागला की, आरोपींच्या विचारसरणीचे सरकार आले म्हणून वकील हालविला. ज्या पक्षाचे सरकार होते त्याचे कैवारी म्हणू लागले की, मागल्या सरकारने नेमलेला वकील मागल्या सरकारचेच गाणे गाणार. बाईंनी सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, याची शहानिशा करण्याकडे मात्र दोघांपैकी कोणाचेही लक्ष राहिले नाही. मे २०१६ मध्ये एनआयएने पुरवणी आरोपपत्र दाखल करून काही आरोपींविरुद्ध पुरावा नसल्याचे सांगितले; न्यायालयाने ते जसेच्या तसे मान्य केले नाही व खटला पुढे चालविला. अखेर ३१ जुलै २०२५ रोजी, स्फोटास सतरा वर्षे होत आली असतां, मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींस विश्वासार्ह पुराव्याअभावी निर्दोष सोडले.

या निकालाची उलटतपासणी करणे हे आमचे काम नव्हे. त्याकरिता वरिष्ठ न्यायालये आहेत, व मृतांच्या कुटुंबीयांनी तो मार्ग धरलाही आहे. आमचे म्हणणे एवढेच की, वकील बदलण्याचे कारण लेखी, उघड व न्यायालयाच्या दप्तरात नोंदविलेले नसल्यामुळे या खटल्यात कोणाचेच समाधान झाले नाही. ज्यांची माणसे मेली ते म्हणणार की, आमचा दावा आतूनच पोखरला गेला. आणि जे निर्दोष सुटले त्यांचीही स्थिती पाहा! न्यायालयाने सोडले तरी त्यांच्या मागे कुजबूज राहणारच की, वकील बदलला म्हणून हे सुटले. निरपराध ठरलेल्या मनुष्यास न्यायालयातून निष्कलंक बाहेर पडण्याचा हक्क आहे; सरकारी वकिलाच्या संशयास्पद बदलाने तो हक्कही हिरावला जातो. आरोपीचे कैवारी म्हणविणारांनी या गोष्टीचा विचार केला नाही, आणि मृतांचे कैवारी म्हणविणारांनीही केला नाही.

दुसरे प्रकरण याच्या उलट बाजूचे आहे. महाविकास आघाडीच्या सरकारने नेमलेले विशेष सरकारी वकील प्रवीण चव्हाण हे राजकीय महत्त्वाचे काही खटले पाहत होते. ८ मार्च २०२२ रोजी त्या वेळचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत ध्वनिचित्रमुद्रणे सादर करून असा आरोप केला की, भारतीय जनता पक्षाच्या पुढाऱ्यांना खोट्या खटल्यांत गुंतविण्याचा कट या वकिलाच्या कचेरीत शिजत आहे. चव्हाण यांनी आरोप नाकारला व मुद्रणांत फेरफार केल्याचे म्हटले. आठवड्याच्या आत गृहमंत्री दिलीप वळसे-पाटील यांनी चव्हाण यांचा राजीनामा आल्याचे व चौकशी गुन्हे अन्वेषण विभागाकडे सोपविल्याचे सभागृहास सांगितले. पुढे राज्यात सत्तांतर झाले, आणि २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने, म्हणजे सीबीआयने, या बाबतीत गुन्हा नोंदविला. गुन्हा नोंदविणे म्हणजे अपराध सिद्ध होणे नव्हे, सबब त्यातील खऱ्याखोट्याविषयी आम्ही काही लिहीत नाही.

परंतु एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. २०१५ मध्ये जे लोक म्हणत होते की, सरकारने वकिलाच्या कामात हात घालू नये, त्यांच्यापैकी बहुतेकांनी २०२२ मध्ये सरकारच्या वकिलाची बाजू घेतली. आणि २०१५ मध्ये ज्यांस सरकारी वकील हा सरकारच्या मर्जीचा नोकर वाटत होता, त्यांस २०२२ मध्ये एकाएकी वकिलाच्या निःपक्षपातीपणाचे महत्त्व कळून आले. तत्त्व तेच होते. बदलली होती ती बसण्याची बाके. सत्तेच्या बाकावरून एक बोलावयाचे व विरोधाच्या बाकावरून दुसरे, हा आपल्या राजकारणाचा जुना रोग आहे. आणि तो न्यायमंदिराच्या उंबरठ्यापर्यंत पोचला आहे, ही यातील चिंतेची गोष्ट होय.

तिसरे प्रकरण आमच्या मराठवाड्याच्या अधिक जवळचे आहे. ॲड. उज्ज्वल निकम यांचे नाव माहीत नाही असा वाचक विरळा. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांचा खटला व २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील कसाबचा खटला त्यांनी चालविला. २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाने त्यांस उत्तर-मध्य मुंबई मतदारसंघातून लोकसभेची उमेदवारी दिली. काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांनी त्यांचा १६,५१४ मतांनी पराभव केला. निवडणुकीसाठी सोडलेले खटले, निकाल लागून महिना होतो न होतो तोच, राज्य सरकारने पुन्हा त्यांच्याकडे सोपविले, आणि काँग्रेसने त्यावर कडक टीका केली. पुढे ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण होऊन त्यांचा निर्घृण खून झाला. सत्तेच्या आश्रयाने माजलेल्या खंडणीखोरीची कथा त्यातून बाहेर आली, सगळा मराठवाडा हळहळला, व मार्च २०२५ मध्ये एका मंत्र्यास राजीनामा द्यावा लागला. त्याआधी फेब्रुवारीच्या अखेरीस मस्साजोगचे ग्रामस्थ उपोषणास बसले. त्यांच्या मागण्यांत ‘उज्ज्वल निकम हेच सरकारी वकील पाहिजेत’ ही एक ठळक मागणी होती. २६ फेब्रुवारी रोजी सरकारने ती मान्य केली. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी निकम यांस राज्यसभेचे सभासद म्हणून नामनिर्देशित केले.

येथे प्रश्न अधिक नाजूक होतो, म्हणून आम्ही तो जपून मांडतो. निकम यांच्या बुद्धीविषयी वा अनुभवाविषयी शंका घेणे हा आमचा हेतू नाही. मस्साजोगच्या लोकांनी त्यांचे नाव मागितले यात त्यांचा काडीमात्र दोष नाही. ज्यांच्या गावचा कर्ता पुरुष हालहाल करून मारला गेला, ते लोक सर्वांत नामांकित वकील मागणारच. परंतु त्या मागणीत एक दुःखाची गोष्ट लपलेली आहे. गावास असे का वाटावे की, नेहमीच्या रीतीने नेमलेला जिल्ह्याचा सरकारी वकील आपणांस न्याय मिळवून देणार नाही? खुनाच्या खटल्यात वकील कोण असावा हे ठरविण्यासाठी लोकांस उपाशी बसावे लागते, याचा अर्थ असा की, नेहमीच्या व्यवस्थेवरचा त्यांचा विश्वास उडालेला आहे. आणि दुसरी बाजू अशी की, जो मनुष्य एका पक्षाच्या चिन्हावर निवडणूक लढला व पुढे संसदेत बसला, त्याने कितीही सचोटीने काम केले तरी त्याच्या प्रत्येक पावलाचा राजकीय अर्थ लावला जाणारच. आरोपी सुटला तर म्हणतील, पक्षाने सोडविला. शिक्षा झाली तर म्हणतील, पक्षाने अडकविला. अशाने न्यायालयाच्या निकालाचे वजन कमी होते, व याचे नुकसान अखेर देशमुखांच्या कुटुंबासारख्या लोकांसच सोसावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सरकारी वकील हा कोणाचा वकील? पुष्कळांची समजूत अशी की, ज्याप्रमाणे आम्ही आमच्या दिवाणी दाव्यास वकील देतो, त्याप्रमाणे सरकारने फौजदारी खटल्यास दिलेला तो वकील. जो पैसे देतो तो ठेवील किंवा काढील. ही समजूत चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की, कसेही करून शिक्षा मिळविण्याची तहान सरकारी वकिलास असता कामा नये. आरोपीच्या फायद्याची गोष्ट पुराव्यात असेल तर ती न्यायालयापुढे आणणे हेही त्याचे कर्तव्य आहे. अर्थात तो पोलिसांचा वकील नव्हे, मंत्र्याचा नव्हे, आणि फिर्यादीचाही नव्हे.

आमच्या व्यापारी वाचकांस हे समजावयास मोंढ्याचे उदाहरण पुरे आहे. आडत्याच्या दुकानावर शेतकऱ्याचा माल येतो, खरेदीदार भाव बोलतो, आणि माल मोजण्यास मापाडी उभा राहतो. त्याची मजुरी कोणी का देईना, काटा धरताना तो आडत्याचा नसतो, खरेदीदाराचा नसतो, शेतकऱ्याचाही नसतो. उद्या एखादा बडा खरेदीदार म्हणू लागला की, ‘हा मापाडी आमचा माल नीट मोजीत नाही, याला अर्ध्या मापात उठवा व आमचा माणूस बसवा,’ तर सगळा मोंढा बंद पडेल. आणि बंद पडावा हेच योग्य. ज्या गोष्टीस आपण तुरीच्या पोत्याच्या बाबतीत क्षणभर थारा देणार नाही, ती गोष्ट मनुष्याच्या प्राणाच्या व स्वातंत्र्याच्या बाबतीत मात्र आपण मुकाट्याने चालू देतो, हे नवल नव्हे काय?

कायद्यात या बाबतीत काहीच बंदोबस्त नव्हता असे नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २४ व्या कलमात असे होते की, उच्च न्यायालयातील सरकारी वकील त्या न्यायालयाशी सल्लामसलत करून नेमावा. आणि जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशाच्या सल्ल्याने लायक वकिलांची यादी करावी व त्या यादीबाहेरचा मनुष्य नेमू नये. सत्र न्यायाधीश त्या वकिलांचे काम रोज पाहतो. कोण अभ्यास करून येतो, कोण साक्षीदारास नीट तयार ठेवतो, कोण तारखा मागतो, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? परंतु आमच्या महाराष्ट्रानेच १९८१ मध्ये या कलमात दुरुस्ती करून उच्च न्यायालयाच्या सल्ल्याचे शब्द काढून टाकले, व सत्र न्यायाधीशाच्या सल्ल्याच्या जागी ‘राज्य सरकारच्या संमतीने’ असे शब्द घातले. ही दुरुस्ती अनेक सरकारांच्या हाती आली व गेली. त्यांत काँग्रेसची सरकारे होती, युतीची होती, आघाडीची होती. विरोधात असतां न्यायाच्या स्वातंत्र्याचे पोवाडे गाणाऱ्या कोणत्याही पक्षास सत्तेवर आल्यावर ते चार शब्द परत घालावेसे वाटले नाहीत. ज्याच्या हाती वाटप, त्याला वाटपाची रीत चांगलीच वाटते!

या संदर्भात एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नांदेड-लातूरचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, व त्या राज्यातील जुलमाच्या कथा आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकत आलो. तरी त्या राज्यानेही १९२१ च्या सुमारास न्यायखाते व मुलकी कारभार यांची फारकत केल्याची नोंद इतिहासात आहे. राजा एकतंत्री असूनही न्याय करणारा व हुकूम करणारा वेगळा असावा, एवढे त्याच्या कारभाऱ्यांस पटले होते. मग प्रजेच्या मतावर चाललेल्या राज्यात, न्याय मागणारा व हुकूम करणारा वेगळा असावा, हे पटावयास अडचण कोणती?

वकिलांस पोलिसांच्या हाताखालून सोडविण्याची लढाईही महाराष्ट्रातच झाली. खालच्या न्यायालयांतील पोलीस प्रॉसिक्यूटर १९७४ मध्ये सहायक सरकारी वकील झाले, पण त्यांच्यावरील ताबा पोलीस खात्याचाच राहिला. अखेर १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारास बजावले की, या वकिलांस पोलीस खात्यापासून तोडून त्यांचे स्वतंत्र खाते करा. संहितेतील आज्ञा अमलात येण्यास एकवीस वर्षे व सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम लागला, यावरून सत्ता हातची सुटू नये याविषयी सरकारे किती दक्ष असतात, हे दिसून येईल.

वकिलास मध्येच काढण्याविषयी काय? याविषयी मोठा निकाल उत्तर प्रदेशातील प्रकरणात लागला. फेब्रुवारी १९९० मध्ये तेथील नव्या सरकारने एका परिपत्रकाने राज्याच्या सर्व जिल्ह्यांतील सरकारी वकिलांस एकदम काढून टाकले. श्रीलेखा विद्यार्थी व इतर यांनी दाद मागितली असतां सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी निर्णय दिला की, सरकारी वकिलाचे पद केवळ खासगी करार नसून त्यात सार्वजनिक हिताचा अंश आहे; सरकारास लहरीने वागता येणार नाही; घटनेच्या १४ व्या कलमातील समतेचे तत्त्व येथेही लागू आहे. सरसकट काढण्याचे ते परिपत्रक रद्द ठरले. पुढे २००४ मध्ये जोहरी मल यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सरकारच्या विवेकास पुष्कळ मोकळीक दिली, परंतु तेथेही मनमानीस मान्यता दिली नाही.

आता विरुद्ध बाजूचे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप असा की, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारास आपल्या विश्वासाचा वकील नेमण्याचा हक्क का नसावा? यास आमचे उत्तर असे की, जमीनमहसुलाचे, कंत्राटांचे, सरकारी धोरणांचे जे दावे असतात, त्यांत हा हक्क खुशाल असावा. तेथे सरकार हे खरोखरच पक्षकार आहे. फौजदारी खटल्यात सरकार समाजाचे विश्वस्त म्हणून उभे असते, आणि विश्वस्ताने आपल्या मर्जीपेक्षा ज्याची ठेव आहे त्याचे हित पाहावयाचे असते. खटल्यातला आरोपी सत्ताधाऱ्यांचा मित्र वा शत्रू असेल, तर हा भेद दुपटीने पाळला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, वकील नालायक वा अप्रामाणिक निघाला तर त्यास जन्मभर डोक्यावर घेऊन बसावयाचे काय? मुळीच नाही. त्यास अवश्य काढावे. परंतु ज्या कारणास्तव काढावयाचे ते कारण कागदावर लिहावे व न्यायालयास कळवावे. खरे कारण असलेल्यास ते लिहावयाची भीती वाटत नाही.

तिसरा आक्षेप सुशिक्षित लोक घेतात. ते म्हणतात, अमेरिकेत अध्यक्ष बदलला की जिल्ह्याजिल्ह्यांचे संघीय सरकारी वकील बदलतात, आणि तेथे काही बिघडत नाही. हे अर्धेच खरे आहे. नेमणूक राजकीय आहे हे तेथे उघड मान्य आहे, व तीस सीनेटची संमती लागते. पण चालू कामातून वकिलास उपटून काढले तर तेथेही गहजब होतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी वॉटरगेट प्रकरणाचा तपास करणारे विशेष अभियोक्ते आर्चिबाल्ड कॉक्स यांस काढण्याचा हुकूम केला. तो बजावण्यापेक्षा ॲटर्नी जनरल रिचर्डसन व त्यांचे दुय्यम रकलशॉस यांनी पद सोडले. तिसऱ्याने हुकूम बजावला खरा, परंतु वर्षाच्या आत निक्सन यांसच पायउतार व्हावे लागले. २००६ मध्ये तेथे मुदतीच्या मध्येच काही संघीय वकील काढण्यात आले, व त्या वादळात पुढल्या वर्षी ॲटर्नी जनरल गोन्झालेस यांस जावे लागले. इंग्लंडात १९२४ मध्ये कम्युनिस्ट संपादक कॅम्पबेल यांच्यावरील खटला ॲटर्नी जनरलने मागे घेतला; त्यावरून पार्लमेंटात मजूर सरकारचा पराभव झाला. या गोष्टी सांगण्याचा हेतू त्या देशांची स्तुती करणे हा नाही. त्यांचे दोष त्यांस लखलाभ असोत. हेतू एवढाच की, तेथे अशा कृत्याची किंमत करणारास मोजावी लागली. आपल्याकडे ती आजवर कोणास मोजावी लागली आहे?

१ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या १८ व्या कलमात उच्च न्यायालयाच्या व सत्र न्यायाधीशाच्या सल्लामसलतीचे शब्द आहेत; ही समाधानाची गोष्ट. परंतु अभियोग संचालनालयाविषयीच्या २० व्या कलमात हे खाते गृहखात्याच्या ताब्यात ठेवले आहे. आणि पूर्वी संचालकाच्या नेमणुकीस उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची संमती लागत असे, ती अट गळली आहे. ज्या खात्याच्या हाताखाली पोलीस, त्याच खात्याच्या हाताखाली पोलिसांच्या तपासाची पारख करणारा वकील! १९९५ मध्ये दारातून बाहेर काढलेली गोष्ट खिडकीतून आत आली आहे.

केवळ दोष दाखवून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. सबब आमच्या सूचना थोडक्यात देतो.

पहिली सूचना अशी की, चालू खटल्यातून सरकारी वा विशेष सरकारी वकिलास काढावयाचे झाल्यास सरकारने लेखी कारण द्यावे, ते त्या खटल्याच्या न्यायाधीशापुढे ठेवावे, आणि वकिलास त्यावर आपले म्हणणे मांडण्याची संधी असावी. पीडितांस व आरोपीसही ते कारण वाचावयास मिळावे.

दुसरी सूचना अशी की, सत्र न्यायाधीशाचा सल्ला हा खरा सल्ला असावा. त्याने नापसंत केलेले नाव सरकारास नेमावयाचे असेल तर तसे का, हे नोंदवावे. आमच्या नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांत होतकरू व अभ्यासू वकील पुष्कळ आहेत. त्यांस आमदाराच्या ओट्यावर खेटे घालावे लागू नयेत.

तिसरी सूचना अशी की, जो विधिमंडळाचा वा संसदेचा सभासद आहे, किंवा ज्याने नुकतीच एखाद्या पक्षातर्फे निवडणूक लढविली आहे, त्याने ठराविक वर्षे सरकारी वकिली पत्करू नये, व सरकारने ती देऊ नये. हा नियम कोणा एका व्यक्तीसाठी नसून सर्व पक्षांच्या सर्व वकिलांसाठी असावा.

चौथी सूचना विशेष सरकारी वकिलांविषयी. अशी नेमणूक हा अपवाद असावा असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मुकुल दलाल प्रकरणात सुचविले आहे. प्रत्येक अर्जाचा विचार करून कारण असेल तरच विशेष वकील द्यावा. आज मात्र मोठा खटला म्हटला की विशेष वकील, हा प्रघात पडला आहे, आणि त्यामुळे जिल्ह्याच्या नेहमीच्या वकिलाची किंमत लोकांच्या नजरेत उतरली आहे. नेहमीचा वकील इतका चांगला करा की, मस्साजोगसारख्या गावास उपोषणाची गरजच पडू नये.

पाचवी सूचना खटले मागे घेण्याविषयी. आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे हुकूम सर्व पक्षांच्या सरकारांनी काढले आहेत. कायद्याप्रमाणे खटला मागे घ्यावा की नाही हे सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने ठरवावयाचे असते व त्यास न्यायालयाची परवानगी लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आमदार-खासदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीवाचून मागे घेऊ नयेत असा हुकूम दिला, यावरूनच खालच्या वकिलांची बुद्धी कितपत स्वतंत्र राहिली आहे, याचा अंदाज येतो.

या गोष्टी नांदेडकरांस दूरच्या वाटावयाचे कारण नाही. एप्रिल २००६ मध्ये आपल्याच शहरातील पाटबंधारे नगरातील एका घरात स्फोट होऊन दोघे मरण पावले. तो तपास राज्याच्या पथकाकडून सीबीआयकडे गेला; खटल्याचा निकाल जानेवारी २०२५ मध्ये, जवळजवळ एकोणीस वर्षांनी लागला, व हयात असलेले सर्व आरोपी निर्दोष सुटले. एवढ्या काळात राज्यात व दिल्लीत कितीतरी सरकारे झाली. आरोपीची जवानी गेली, साक्षीदारांची स्मृती गेली, आणि शहरातील दोन्ही समाजांच्या मनांतील किल्मिष तेवढे शिल्लक राहिले. लांबलेल्या खटल्यात वकील, तपासयंत्रणा व सरकार हे सर्व बदलत जातात. म्हणूनच बदलाची रीत उजेडातली असावी, असा आमचा आग्रह आहे.

शेवटी आमच्या वाचकांस एक विनंती. पुढल्या वेळी एखाद्या सरकारी वकिलास काढल्याची बातमी येईल, तेव्हा तो कोणत्या पक्षाने नेमला होता हा प्रश्न आधी विचारू नका. काढण्याचे कारण लिहिले आहे काय, ते न्यायालयापुढे ठेवले आहे काय, आणि हेच कृत्य आपल्या आवडत्या पक्षाऐवजी नावडत्या पक्षाने केले असते तर आपण काय म्हटले असते, हे तीन प्रश्न स्वतःस विचारा. विधिमंडळातील आपल्या प्रतिनिधींसही ते विचारा. निवडणुकीच्या सभेत, बाजार समितीच्या बैठकीत, वकीलसंघाच्या खोलीत विचारा. कायदा सुधारण्याची शक्ती त्यांच्या हाती आहे, आणि त्यांस हालविण्याची शक्ती तुमच्या हाती आहे. आज जो सत्तेवर आहे तो उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात असू शकतो, हे गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्राने पाहिले आहे. त्या दिवशी समोर प्रामाणिक व निर्भय सरकारी वकील असावा असे ज्यांस वाटते, त्या सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी ही सुधारणा आपण सत्तेवर असतांच करावी.